रिकव्हरी पार्टिशन स्वतःच्या पायावर : वेगळा बूटलोडर न टाकता

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेल्या अडखळी काढल्या आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे. कमांड तोंडी सांगितल्या होत्या, म्हणून इथेही तशाच लिहिल्या आहेत.)

आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे. लॅपटॉप किंवा ब्रँडेड पीसी घेतला की त्याच्या हार्ड डिस्कवर एक छुपा कप्पा येतो. दहा-बारा जीबीचा. त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. आपण तो वर्षानुवर्षं सांभाळतो, जागा कमी पडली तरी उडवत नाही, कारण ‘कधीतरी लागेल’. आणि ज्या दिवशी खरंच लागतो त्या दिवशी तो उघडतच नाही! मशीन चालू करताना जी की दाबायची ती दाबून दाबून बोट दुखतं, पण पडद्यावर काही येत नाही.

तर आज आपण बघणार आहोत की हा कप्पा स्वतःहून बूट होईल असा कसा करायचा. त्यासाठी ग्रबसारखा वेगळा बूटलोडर टाकायचा नाही. डिस्कवर जे आहे त्यातूनच काम भागवायचं.

हा विषय सुचला माझ्या मावसबहिणीमुळे. आम्ही तिला ताई म्हणतो. कराडला तिचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे प्रश्नसंच अशी कामं. तिचा मुख्य पीसी २०११ सालचा, विंडोज ७ वाला. मी तिला म्हटलं, “ताई, आता नवीन घे की.” ती म्हणाली, “अरे, नवीन घ्यायला पैसे आहेत. पण माझा फॉन्टचा सॉफ्टवेअर त्या लॉकवर चालतो, आणि लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही. चौदा वर्षांच्या पत्रिका त्याच फॉन्टमध्ये आहेत.” लॉक म्हणजे डोंगल, मागे यूएसबीला लावतात ते. ते काढलं की सॉफ्टवेअर बंद.

म्हणजे तिला तेच मशीन आणि तेच विंडोज ७ हवं होतं. बाजारातून डीव्हीडी आणून टाकावं, तर ती प्रॉडक्ट की मागणार, आणि कॅबिनेटवरचं स्टिकर घासून घासून पांढरं झालेलं. कंपनीने दिलेलं विंडोज मात्र बायोसमधली खूण ओळखून आपोआप ॲक्टिव्हेट होतं. ते फक्त त्या छुप्या कप्प्यात होतं. आणि रिकव्हरीची की दोन वर्षांपूर्वीच बंद पडली होती. गावातल्या कुणीतरी हौसेने लिनक्स टाकून पाहिलं, मग काढलं, तेव्हापासून. मशीन अधूनमधून निळा पडदा दाखवत होतं आणि तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. म्हणजे लग्नसराई सुरू.

आधी एक कबुली

पुढे जाण्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या लॅपटॉपवर मी असंच रिकव्हरी पार्टिशन जिवंत केलं. ते चालू झालं याचा मला इतका आनंद झाला, की पहिल्या प्रश्नावर मी एंटर दाबला. प्रश्न होता, फॅक्टरी स्थितीत न्यायचं का? सी ड्राइव्ह पुसली गेली. मित्राच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणातले फोटो त्यात होते. बॅकअप नव्हता. तो मला काही बोलला नाही, पण ते मी विसरलेलो नाही.

म्हणून नियम एक : आधी बॅकअप, मग हात लावायचा. आणि बॅकअप म्हणजे त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये कॉपी नव्हे. डिस्क मेली की सी, डी आणि रिकव्हरी, सगळे एकत्र जातात. बाहेरच्या डिस्कवर घ्या.

मशीन चालू होताना नक्की काय होतं

आता तत्त्व समजून घेऊ, म्हणजे कमांड पाठ कराव्या लागणार नाहीत. लहानपणी आपण चिठ्ठ्यांचा खेळ खेळायचो ना? पहिल्या चिठ्ठीत दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा. बूट होणं म्हणजे अगदी तेच. प्रत्येकाला फक्त पुढचा पत्ता ठाऊक असतो.

जुन्या, म्हणजे बायोसवाल्या मशीनमध्ये बायोस डिस्कचा सगळ्यात पहिला सेक्टर वाचतो. ५१२ बाइटचा. याला मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर म्हणतात. ही व्यवस्था १९८३ सालची, डॉस २.० च्या वेळची. त्या ५१२ बाइटची वाटणी अशी : पहिल्या ४४६ बाइटमध्ये छोटासा प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटमध्ये पार्टिशनचा तक्ता, आणि शेवटच्या २ बाइटमध्ये ‘५५ एए’ ही सही. तक्त्यात चारच नोंदी बसतात, प्रत्येकी १६ बाइटच्या. म्हणूनच प्रायमरी पार्टिशन चारच करता येतात.

प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट महत्त्वाचा. तिथे हेक्समध्ये ८० असेल तर ते पार्टिशन ‘ॲक्टिव्ह’, शून्य असेल तर नाही. एमबीआरमधला छोटा प्रोग्रॅम एवढंच करतो : चार नोंदींत ८० कुठे आहे ते बघतो, त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो आणि त्याच्या हाती कारभार सोपवतो. तो सेक्टर त्याच पार्टिशनमध्ये ‘बूट-एमजीआर’ नावाची फाइल शोधतो. व्हिस्टापासून पुढे ही फाइल, एक्सपीत ‘एनटीएलडीआर’ होती. बूट-एमजीआर मग ‘बूट’ फोल्डरमधली ‘बीसीडी’ ही फाइल वाचतो. बीसीडीत लिहिलेलं असतं की कोणकोणत्या सिस्टिम्स आहेत आणि त्या कुठे आहेत.

त्याच नोंदीत पार्टिशनचा प्रकारही असतो. साध्या एनटीएफएसचा ०७, आणि छुप्या रिकव्हरीचा बहुतेक वेळा २७. विंडोज २७ बघून त्याला ड्राइव्ह लेटर देत नाही, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. पण एमबीआरचा प्रोग्रॅम प्रकार बघतच नाही. तो फक्त ८० बघतो. आपला सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे.

मग ती की का मेली? अनेक कंपन्या एमबीआरच्या त्या ४४६ बाइटमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम घालतात. ‘एवढ्या वेळात ही की दाबली तर रिकव्हरीकडे जा’ असा. लिनक्सचा ग्रब टाकला की तो तिथे बसतो. नंतर ग्रब काढायला कुणी ‘बूटरेक, फिक्स-एमबीआर’ चालवलं की मायक्रोसॉफ्टचा साधा प्रोग्रॅम येतो. कंपनीचा प्रोग्रॅम दोन्ही वेळेला पुसला जातो. रिकव्हरी जागच्या जागी शाबूत असते, तिच्याकडे जाणारी चिठ्ठी तेवढी हरवलेली असते.

ताईच्या मशीनवर काय सापडलं

मी पहिल्या दिवशी फक्त बॅकअप घेतला. लाइव्ह लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून ताईच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर. त्याच बैठकीत डिस्कचा पहिला सेक्टर ‘डीडी’ने पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला. ५१२ बाइट, एकदाच. काही बिघडलं तर परत घालता येतो. पण लक्षात ठेवा, पूर्ण ५१२ परत घातले तर पार्टिशनचा तक्ताही जुना येतो. मध्ये पार्टिशन बदललेली असतील तर फक्त ४४६ घालायचे. आणि हो, स्मार्ट रिपोर्टही बघितला. डिस्कच मरायला टेकली असेल तर हा सगळा उद्योग व्यर्थ.

दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला आणि डिस्कपार्ट चालवलं. ‘लिस्ट डिस्क’, ‘सिलेक्ट डिस्क ०’, ‘लिस्ट पार्टिशन’. चार दिसली. पहिलं बारा जीबीचं रिकव्हरी, दुसरं १०० एमबीचं सिस्टिम रिझर्व्ह्ड, तिसरं सी, चौथं डी. ‘सिलेक्ट पार्टिशन १’ करून ‘डिटेल पार्टिशन’ म्हटलं. प्रकार २७, हिडन : होय, ॲक्टिव्ह : नाही. ॲक्टिव्ह होतं ते १०० एमबीवालं.

मग ‘सेट आयडी इक्वल टू ०७ ओव्हरराइड’, आणि ‘असाइन लेटर इक्वल टू आर’. आता आर ड्राइव्ह दिसू लागली. आत बघितलं तर कंपनीच्या इमेजच्या फाइली होत्या, ‘रिकव्हरी’ फोल्डरमध्ये ‘विन-आरई डॉट विम’ होती. पण बूट-एमजीआर नव्हता, बूट फोल्डर नव्हता.

म्हणजे या घराला दारच नव्हतं! आत जायची वाट शेजारच्या १०० एमबीच्या घरातून होती. तिथल्या बीसीडीत रिकव्हरीची नोंद होती, तीही नंतरच्या खटाटोपात उडालेली. काही मशीनमध्ये रिकव्हरी पार्टिशनमध्ये बूट-एमजीआर आधीच असतो. तसं असेल तर नुसतं ॲक्टिव्ह केलं तरी काम होतं. म्हणून आत बघितल्याशिवाय काही करू नका.

मी खात्री करायला म्हणून तसंच ॲक्टिव्ह करून रीस्टार्ट केलं. पडद्यावर आलं, ‘बूट-एमजीआर इज मिसिंग’. ताई घाबरली. मी म्हटलं, “ताई, हा संदेश चांगला आहे.” कारण त्यावरून कळतं की चिठ्ठी कुठपर्यंत पोचली. हे चार संदेश टिपून ठेवा :

‘इनव्हॅलिड पार्टिशन टेबल’ आलं तर तक्त्यात गडबड, बहुतेक वेळा दोन पार्टिशन एकदम ॲक्टिव्ह आहेत. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ आलं तर ॲक्टिव्ह पार्टिशन सापडलं, पण त्याच्या पहिल्या सेक्टरवर ‘५५ एए’ सही नाही. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ आलं तर तो सेक्टर एक्सपीच्या वळणाचा आहे, नवा लिहायला हवा. आणि ‘बूट-एमजीआर इज मिसिंग’ आलं तर एमबीआर बरोबर, सेक्टरही बरोबर, फक्त फाइल नाही.

विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून बूट करून, तिथल्या कमांड प्रॉम्प्टवरून पुन्हा १०० एमबीवालं ॲक्टिव्ह केलं आणि विंडोज परत चालू झालं. परतीची वाट आधी हातात ठेवा, मगच हा प्रयोग करा. ती डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह नसेल तर ॲक्टिव्हला हात लावू नका.

दार बसवणं

आता मुख्य काम. चार पायऱ्या आहेत.

पहिली : ‘बीसीडी-बूट, सी-कोलन-बॅकस्लॅश-विंडोज, स्लॅश एस, आर-कोलन’. ही कमांड सी वरच्या विंडोजमधून बूट-एमजीआर आणि बूट फोल्डर उचलून आर मध्ये ठेवते आणि तिथे बीसीडी बनवते. त्या बीसीडीत विंडोज ७ ची नोंद आपोआप येते.

दुसरी : ‘बूटसेक्ट, स्लॅश एनटी६०, आर-कोलन’. बीसीडी-बूट जुन्या बायोस मशीनवर सेक्टर लिहीत नाही, म्हणून हे वेगळं करायचं. बूटसेक्ट विंडोजच्या डीव्हीडीवर बूट फोल्डरमध्ये मिळतं. आमचा सेक्टर बरोबरच होता, तरी मी लिहून घेतला.

तिसरी, आणि थोडी लांबलचक : त्या बीसीडीत रिकव्हरीची नोंद घालणं. विन-आरई ही एक विम फाइल असते, ती आख्खी मेमरीत उलगडून तिथूनच चालते. त्यासाठी ‘बूट डॉट एसडीआय’ नावाची तीनेक एमबीची फाइल लागते. ती डीव्हीडीच्या बूट फोल्डरमधून आर च्या बूट फोल्डरमध्ये कॉपी केली. मग बीसीडी-एडिट. इथे दर वेळेला ‘स्लॅश स्टोअर’ लिहून आर वरच्या बीसीडीचा पत्ता द्यायचा, नाहीतर कमांड चालू विंडोजची बीसीडी बदलते. ही चूक फार जणांकडून होते.

आधी रॅमडिस्क-ऑप्शन्स ही नोंद तयार करायची आणि तिला सांगायचं की एसडीआय फाइल ‘बूट’ या डिव्हाइसवर, बूट फोल्डरमध्ये आहे. मग ओएस-लोडर प्रकारची नवी नोंद करायची, नाव द्यायचं ‘दुरुस्ती’. मी मुद्दाम इंग्रजी लिपीत लिहिलं, कारण त्या मेनूत देवनागरीचा भरवसा नाही. नोंद केली की एक लांबलचक आयडी मिळतो, तो कॉपी करून ठेवा. त्या नोंदीला ‘डिव्हाइस’ आणि ‘ओएस-डिव्हाइस’ दोन्हींत विम फाइलचा रॅमडिस्क म्हणून पत्ता द्यायचा. ‘पाथ’मध्ये विनलोड, ‘सिस्टिमरूट’मध्ये विंडोज, ‘विन-पीई’ला यस आणि ‘डिटेक्ट-हॅल’ला यस. शेवटी ‘डिस्प्ले-ऑर्डर’मध्ये ती शेवटी जोडायची, टाइमआउट १० सेकंद, आणि डीफॉल्ट विंडोज ७ च आहे ना हे तपासायचं.

यात एक बारीक पण कामाची गोष्ट. विमचा पत्ता देताना ड्राइव्हचं अक्षर न देता चौकोनी कंसात ‘बूट’ लिहायचं. त्याचा अर्थ, ‘ज्या पार्टिशनवरून मी आत्ता बूट झालो तेच’. अक्षर दिलं की त्या नोंदीत त्या विशिष्ट डिस्कची सही नोंदली जाते. उद्या डिस्क क्लोन करून एसएसडी लावली आणि सही बदलली, तर ती नोंद आंधळी होते. ‘बूट’ लिहिलं तर डिस्क कुठलीही असो, दुरुस्ती चालते.

चौथी पायरी : डिस्कपार्टमध्ये पार्टिशन १ निवडून ‘ॲक्टिव्ह’. पुन्हा ‘डिटेल पार्टिशन’ करून बघा, १०० एमबीवाल्याची खूण निघाली ना. मग आर चं अक्षर काढून टाका, ‘रिमूव्ह’. प्रकार मी ०७ च ठेवला. अक्षर नसलं की एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, चुकून काही पुसलं जाण्याची भीती नाही.

रीस्टार्ट केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. विंडोज ७ आणि दुरुस्ती. दोन्ही चालून बघितल्या. ताई म्हणाली, “एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच. दहा सेकंदात बाण खाली केलास तर दुरुस्ती, नाहीतर रोजचं.”

आता कुणी म्हणेल, बूट-एमजीआर हाही बूटलोडरच ना? बरोबर आहे. पण तो वेगळा नाही, विंडोजचाच आहे, आणि मुख्य म्हणजे तो रिकव्हरीच्याच घरात राहतो. सी कोलमडली, १०० एमबीवालं गेलं, तरी मेनू येतो. ग्रब टाकला असता तर त्याचे तुकडे एमबीआरमध्ये, त्यापुढच्या सेक्टरमध्ये आणि एखाद्या लिनक्स पार्टिशनमध्ये विखुरले असते. ग्रब वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः वापरतो. पण कराडच्या दुकानात तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार? जितक्या चिठ्ठ्या कमी, तितकी हरवण्याची शक्यता कमी.

फॅक्टरी नव्हे, मागचा महिना

अजून एक गोष्ट ताईशी बोलताना लक्षात आली. फॅक्टरी रिकव्हरी तिला २०११ मध्ये नेणार. कोरं विंडोज. तिला हवं होतं फॉन्ट, लॉक, प्रिंटर सगळं बसलेलं मशीन. म्हणून विंडोज ७ मध्येच असलेल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मधून सिस्टिम इमेज काढली, बाहेरच्या डिस्कवर. ती परत घालायची सोय विन-आरईमध्येच आहे, ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’ या नावाने.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी बूटची सगळी मांडणी बदला, मग इमेज काढा. आधी इमेज काढली तर ती परत घालताना जुनी मांडणी परत येऊ शकते. आणि परत घालताना ‘फॉरमॅट अँड रिपार्टिशन डिस्क्स’ या चौकटीत टिक करायची नाही, नाहीतर डी ड्राइव्हही जाईल. हे मी ताईच्या वहीत लाल पेनने लिहून दिलं.

फॅक्टरी इमेज मी काढली नाही. ॲक्टिव्हेशनसह मूळ विंडोज मिळण्याचा तो शेवटचा मार्ग आहे. त्याची एक प्रत मात्र बाहेरच्या डिस्कवर घेतली.

नव्या मशीनवाल्यांसाठी

तुमच्यापैकी बहुतेकांकडे आता यूईएफआयवालं मशीन असेल. तिथे एमबीआरचा प्रोग्रॅम नाही, ८० ची खूण नाही. डिस्कचा तक्ता जीपीटी पद्धतीचा. फर्मवेअर स्वतःच फाइली वाचतं, पण सर्वसाधारणपणे फक्त फॅट फाइल सिस्टिमच्या. म्हणून ईएसपी नावाचं छोटं फॅट३२ पार्टिशन असतं, त्यात विंडोजचा बूट मॅनेजर. रिकव्हरी पार्टिशन एनटीएफएसमध्ये असतं. म्हणजे इथेही तीच गोष्ट : घर एकीकडे, दार दुसरीकडे. ईएसपी बिघडलं की रिकव्हरी शाबूत असूनही पोचता येत नाही. तुमची रिकव्हरी कुठे आहे आणि चालू आहे का, हे ‘री-एजंट-सी, स्लॅश इन्फो’ या कमांडने कळतं. आज रात्रीच बघा.

इथला उपाय असा. डिस्कवर वेगळं फॅट३२ पार्टिशन करा आणि विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरच्या फाइली त्यात कॉपी करा. त्यात ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर, आणि त्यात ‘बूट-एक्स-६४ डॉट ईएफआय’ ही फाइल असते. दुसरा कुठलाही पत्ता नसेल तर फर्मवेअरने हीच फाइल शोधायची, असा यूईएफआयचा ठरलेला संकेत आहे. बीसीडीही तयार मिळते, काही लिहावं लागत नाही. अडचण एकच, फॅट३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ‘इन्स्टॉल डॉट विम’ मोठी असेल तर डिझमच्या ‘स्प्लिट इमेज’ने तिचे तुकडे करा, सेटअप ते तुकडे ओळखतो. आणि फक्त दुरुस्तीच हवी असेल तर ती फाइल घेऊच नका.

पेनड्राइव्हवर हा संकेत सगळीकडे चालतो. आतल्या डिस्कच्या बाबतीत मात्र प्रत्येक फर्मवेअरची तऱ्हा वेगळी. म्हणून नोंद हातानेच करा. बीसीडी-एडिटमध्ये बूट-एमजीआरच्या नोंदीची कॉपी करून तिला नाव द्या, डिव्हाइस नवं पार्टिशन, पाथ त्या ईएफआय फाइलचा, आणि एफडब्ल्यू-बूट-एमजीआरच्या डिस्प्ले-ऑर्डरमध्ये ती शेवटी जोडा. मग मशीनच्या बूट मेनूतच ‘दुरुस्ती’ दिसेल. ही नोंद मदरबोर्डच्या मेमरीत राहते, बायोस रीसेट किंवा अपडेटनंतर कधीकधी उडते. उडाली तर परत करायची, फाइली जागेवरच असतात.

दोन सावधगिरी. बिटलॉकर चालू असेल तर बूटच्या मांडणीला हात लावण्याआधी ते सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन तीच की मागेल आणि ती मशीनमध्येच असेल! दुसरी, सिक्युअर बूट. मायक्रोसॉफ्टच्या फाइली सही केलेल्या असतात, त्यामुळे तिथे अडत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी तर हे अजून सोपं. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून लिनक्सचा कर्नल स्वतःच ईएफआय प्रोग्रॅम म्हणून चालू शकतो. त्याला ईएफआय-स्टब म्हणतात. कर्नल आणि इनिट-आरडी फॅट३२ पार्टिशनमध्ये ठेवा, ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ या लिनक्सच्या कमांडने नोंद करा, रूटचा पत्ता आणि इनिट-आरडीचा पत्ता त्यातच द्या. मध्ये बूटलोडरच नाही. फक्त इनिट-आरडीच्या पत्त्यात बॅकस्लॅश वापरायचे, आणि कर्नलवर तुमच्या मशीनला मान्य असलेली सही नसेल तर सिक्युअर बूट बंद ठेवावं लागतं.

वैशाखातला फोन

शेवट सांगून थांबतो. वैशाखात, लग्नाच्या ऐन हंगामात, सकाळी साडेआठला ताईचा फोन. “अरे, विंडोज गोल गोल फिरतंय, आत येतच नाही. दुपारी चारला दोन पत्रिका द्यायच्या आहेत.” मी म्हटलं, “वही काढ.” तिने वही काढली. बाहेरची डिस्क लावली. मशीन बंद करून चालू केलं, दोन ओळी आल्या, बाण खाली, एंटर. मग तीच मला वाचून दाखवत होती, “चौकटीत टिक करायची नाही. बरोबर ना?” मी म्हटलं, “बरोबर.” अकराच्या आधी तिचा दुसरा फोन आला. फॉन्ट उघडले होते, लॉक ओळखलं होतं. त्या आठवड्यातलं काम डी ड्राइव्हवर होतं, ते जसंच्या तसं.

त्या दिवशी सी बिघडली होती, डिस्क नाही. डिस्क गेली असती तर मेनूही आला नसता. म्हणून तिच्या कपाटात बाहेरची डिस्क आणि विंडोजची डीव्हीडी एकाच पाकिटात ठेवलेली आहे. रिकव्हरी पार्टिशन सोय आहे, बॅकअप नाही. हे वाक्य माझ्या मित्राला तेव्हा कुणी सांगितलं असतं, खरं म्हणजे मला कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं.

तर मंडळी, या रविवारी अर्धा तास काढा. तुमच्या मशीनची रिकव्हरी खरंच उघडते का, ते बघा. उघडली की ‘कॅन्सल’ दाबून परत या. एंटर नको! भेटू पुढच्या भागात. नमस्कार.